एकोणीस किटल्या आणि एक झाकण

सोपानरावांचा देवावर विश्वास होता, पण देवळात हात जोडून उभं राहिल्यावरही त्यांचा एक डोळा बाहेर काढलेल्या चपलांवर असे. यात त्यांचा फारसा दोष नव्हता. कुरकुंभच्या एका औषध कंपनीत ज्यानं अठ्ठावीस वर्षं स्टोअर सांभाळलं, त्याच्या डोळ्यांना दुसरं वळण लागणार कुठून? कामगार नवे हातमोजे मागायला आला की आधी जुने कुठायत ते विचारायचं, आणि जुने दाखवले की हे नक्की तुझेच का ते विचारायचं, ही त्यांची रीत. निवृत्तीच्या दिवशी कंपनीनं भिंतीवरचं घड्याळ भेट दिलं, तर घरी येताच त्यांनी ते उलटं करून आत सेल आहे का ते पाहिलं. नव्हता. मग तर त्यांची खात्रीच पटली की आपण आयुष्यभर बरोबर होतो.

निवृत्त झाल्यावर स्टोअर गेलं आणि संशय तेवढा घरी आला. दौंडच्या कॉलनीतल्या त्या तीन खोल्यांत संशय घ्यायला माणूस एकच, धुरपदाबाई. डाळीचा डबा गेल्या सोमवारी गळ्यापर्यंत होता, तो खाली कसा आला? उदबत्तीच्या पुड्यात काड्या कमी का? धुरपदाबाईंनी पंधरा दिवस सोसलं आणि सोळाव्या दिवशी डोक्यावरचा पदर सारखा करून सांगितलं, "अहो, कायतरी छंद लावून घ्या. न्हाईतर मी तरी म्हायेरी जाते, न्हाईतर तुम्हाला तरी धाडते."

त्याच आठवड्यात रेल्वेच्या एका जुन्या बंगल्यातलं सामान भंगारवाल्याकडे आलं होतं. त्यात सोपानरावांना एक पांढरीशुभ्र चिनीमातीची किटली दिसली. पोटावरून निळी रेघ, झाकणावर बोराएवढी गुंडी. कोणा साहेबानं हिच्यातून चहा ओतला असेल, असं मनात आलं आणि अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा, एखादी वस्तू फुटकी आहे का हे न पाहता, त्यांनी ती उचलून पोटाशी धरली. माणसाला प्रेम कुठं भेटेल ते सांगता येत नाही. त्यांना ते भंगारात भेटलं.

मग त्यांनी फोनवर चहाचं सगळं शास्त्र पाहून घेतलं. आधी किटली गरम पाण्यानं विसळायची, पत्ती आत टाकायची, वरून उकळतं पाणी ओतायचं आणि वर काहीतरी ऊबदार झाकून चार मिनिटं थांबायचं. ऊबदार म्हणून त्यांनी नात ज्ञानेश्वरी हिची लहानपणची लाल कानटोपी घेतली. किटलीला ती अगदी मापात बसली. दूध नंतर आणि साखर ज्याची त्यानं घालायची. धुरपदाबाईंनी एक घोट घेतला, तो तोंडातच धरून मोरीपर्यंत गेल्या आणि परत येऊन म्हणाल्या, "ह्याला चहा न्हाई म्हणत. कप धुतल्यावर जे पाणी निघतं ना, त्याला म्हणत्यात." पुढची दोन वर्षं त्यांनी आपला चहा पातेल्यात, आलं ठेचून, तीनदा उतू जाईपर्यंत उकळूनच घेतला.

पण छंद लागला तो लागला. शिरूरच्या आठवडे बाजारात एका बोहारणीकडे पितळी किटली मिळाली. सणसवाडीला भाच्याच्या कंपनीत आसामचा एक वॉचमन होता, त्यानं गावाहून येताना मातीची आणली. कुरियरनं एक आली ती लिंबाएवढी. ती बघून धुरपदाबाईंनी विचारलं, "ह्यातनं चिमण्यांला पाजायचा व्हय?" हत्तीच्या आकाराची एक होती. सोंडेतून चहा पडे आणि पाठीवरची अंबारी उचलली की ते झाकण. दोन वर्षांत हॉलमधल्या काचेच्या शोकेसमधून जुने कपसेट, मुलाचे कबड्डीचे चषक आणि शिर्डीची तसबीर हलली आणि तिथं एकोणीस किटल्या नांदू लागल्या. पाहुणा घरातून बाहेर पडला की सोपानराव शोकेससमोर उभे राहून बोटानं किटल्या मोजत. सख्खा भाऊ येऊन गेला तरी मोजत. एकोणीस भरल्या की मगच दाराला कडी घालत.

कॉलनीला हे सरळ वाटेल, अशी अपेक्षा करणं चूक होतं. समोरच्या गिताबाईंना खिडकीतून काय दिसे, तर शिकलासवरलेला माणूस टेबलावर एका बुटक्या वस्तूला लाल कानटोपी घालून, हातात घड्याळ घेऊन, चार मिनिटं तिच्याकडे टक लावून बसलाय. त्यांनी धुरपदाबाईंना गाठून जपून विचारलं, "दाजींची तब्येत बरी हाय ना?" कोणी म्हणे सोपानराव हायवेला अमृततुल्य काढणार, कोणी म्हणे ही जुनी भांडी परदेशात जातात. मोबाइल रिचार्जच्या दुकानातला महेंद्र, ज्याला कॉलनीतल्या प्रत्येक घरात काय शिजतं ते त्या घराच्या आधी कळे, तो मात्र गप्प होता. महेंद्र गप्प असला की तो हिशोब जुळवत असतो, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

या किटल्यांतला चहा आपखुशीनं पिणारा जगात एकच माणूस होता, तो म्हणजे मच्छिंद्र. कंपनीत मच्छिंद्र बॉयलरवर होता आणि रोज दुपारी चारच्या ठोक्याला स्टोअरच्या खिडकीशी येई. एक कटिंग, दोन बश्या, असा त्यांचा अठ्ठावीस वर्षांचा परिपाठ. पुढे दोघांनी घरंही एकाच गल्लीत, तिरकी समोरासमोर बांधली आणि निवृत्तीनंतर चारचा चहा खिडकीतून शोकेसपाशी आला. मच्छिंद्र बसे, कोणत्या किटलीची आज पाळी आहे ते विचारी, चहा बशीत ओतून फुरके मारत पिई आणि "झकास" एवढंच म्हणून उठे. त्यानंतरही सोपानराव किटल्या मोजत, पण जरा भरभर.

या चहामागे आणखी एक गोष्ट होती, ती दोघंही कधी बोलत नसत. नोकरीच्या पहिल्या वर्षी सोपानराव मच्छिंद्रला कासुर्डीला, आपल्या घरी घेऊन गेले होते. आईनं चहा आणला. सगळ्यांना कानवाले कप आणि मच्छिंद्रसमोर एक कान तुटलेला, वळचणीला वेगळा ठेवलेला कप. मच्छिंद्र खाली बघत राहिला. त्या कपाचा अर्थ खोलीतल्या प्रत्येकाला कळत होता. सोपानरावांनी दोन्ही कप अदलाबदल केले आणि आई बघायला लागली तशी म्हणाले, "मला कानाचा कप नको, बोट अडकतं." आईशी त्यांचं पुढं महिनाभर वाजलं. दोघं एसटीनं कुरकुंभला परतले. दुसऱ्या दिवशी चार वाजता मच्छिंद्र पहिल्यांदा स्टोअरच्या खिडकीशी आला.

तर अशा सुखात नगरपालिकेची निवडणूक लागली.

वॉर्ड महिलांसाठी राखीव निघाला. मच्छिंद्रची सून करुणा अपक्ष उभी राहणार, असं ठरलं. ती घरी शिकवण्या घेई, निम्म्या वॉर्डाची पोरं तिच्या हाताखालून गेलेली, त्यामुळे तिला मान होता. महेंद्रची वहिनी प्रतिभा त्याच वॉर्डात तिच्याविरुद्ध उभी होती. आणि मग महेंद्रनं नगरपालिकेच्या फळ्यावर लावलेली अपक्षांच्या चिन्हांची यादी वाचली. कपाट, कपबशी, शिट्टी, छत्री आणि किटली. तो तिथंच थांबला आणि दोन वर्षांचा त्याचा हिशोब जुळला.

"मी म्हनलं न्हवतं?" तो दुकानात सगळ्यांना सांगू लागला. खरं तर तो काहीच म्हणाला नव्हता. "मानूस दोन वर्सं उगी किटल्या गोळा करील व्हय? धुरपदाकाकू उभ्या ऱ्हानार. चिन्ह किटली. वॉर्डात गल्ल्या किती? एकोनीस! गल्लीला एक किटली! ह्याला म्हन्त्यात नियोजन."

वॉर्डात गल्ल्या खरोखर किती आहेत ते कोणी मोजलं नाही. पण दुसऱ्या दिवसापासून धुरपदाबाईंना भाजीवाली बानूबाई मेथी निवडून द्यायला लागली आणि कधी न बोलणाऱ्या बायका "ताई" म्हणू लागल्या. धुरपदाबाईंनी आधी खुलासे केले. मग त्यांच्या लक्षात आलं की खुलासा न केल्यास मेथीवर कोथिंबीर मिळते. सोपानरावांनी जाब विचारला तर म्हणाल्या, "मी कुठं म्हन्ते उभी ऱ्हाते? मी फक्त न्हाई म्हनत न्हाई."

चार वाजता मच्छिंद्र आला. आसामी किटलीची पाळी होती. त्यानं बशीत फुंकर मारली आणि शोकेसकडे बघत विचारलं, "वैनींचं मतदार यादीत नाव हाय ना रे, ह्या वॉर्डात?"

"हाय. का?"

"काय न्हाई. सहजच."

सोपानरावांनी अठ्ठावीस वर्षं माणसं 'सहजच' स्टोअरमध्ये येताना पाहिली होती. सहज आलेला माणूस कधी रिकाम्या हातानं जात नाही, हा त्यांचा अनुभव. मच्छिंद्र शोकेसकडे एवढं का बघतोय? मच्छिंद्रच्या मनात तर वेगळंच चाललेलं. महेंद्र म्हणतोय ते खरं असलं तर? माझी सून उभी राहणार हे माहीत असून हा मला रोज चहा पाजून बायकोला तिच्याविरुद्ध उभं करतोय? दोघांनी एकमेकांकडे न बघता चहा संपवला. जाताना मच्छिंद्र "झकास" म्हणाला नाही.

तो गेल्यावर सोपानरावांनी किटल्या मोजल्या. एकोणीस. दार लावणार इतक्यात ते थबकले. हत्तीच्या पाठीवर अंबारी नव्हती.

त्यांनी शोकेसच्या मागं पाहिलं, सोफ्याखाली पाहिलं, कचऱ्याच्या डब्यात हात घातला. झाकण नव्हतं. दिवसभरात घरात बाहेरचा माणूस एकच येऊन गेला होता. सोपानरावांचं मन नको म्हणत होतं, पण त्यांच्यातला स्टोअरकीपर मनाचं ऐकणारा नव्हता. दुसऱ्या दिवशी गिताबाईंनी "दाजी, उतरलेलं तोंड का?" म्हणून विचारलं, तेव्हा त्यांच्या तोंडून गेलंच, "माझ्या हत्तीचं झाकण गेलं. मच्छिंद्र येऊन गेल्यापासून दिसत न्हाई. तुमी कुनाला बोलू नका." आता गिताबाईंना कोणाला बोलू नका म्हणणं म्हणजे दवंडी देणाऱ्याच्या हातात थाळी देण्यासारखं.

दुसऱ्या दिवशी चार वाजता मच्छिंद्र आला नाही. तिसऱ्याही दिवशी आला नाही. सोपानराव दोन कप मांडत, चार मिनिटं मोजत, कानटोपी काढत आणि एकट्यानं पीत. एकट्यानं पिताना पहिल्यांदाच त्यांना धुरपदाबाईंचं म्हणणं थोडं पटलं. हा चहा तसा फिकाच होता.

शेवटी त्यांनी ठरवलं, हे बायकोच्या उमेदवारीचं लचांड कायदेशीर मिटवायचं. स्वच्छ अक्षरात अर्ज लिहिला, की माझी पत्नी सौ. धुरपदा ही निवडणूक लढवत नसून सदर बाब फळ्यावर जाहीर करावी. नगरपालिकेत टेबलामागच्या क्लार्कनं तो दोनदा वाचला.

"काका, उमेदवारी अर्ज कधी भरलाय?"

"भरलाच न्हाई."

"मग माघार कशी घेणार? हा माघारीचा फॉर्म आहे, हा उमेदवारीचा. न उभं राहण्याचा फॉर्म शासनानं काढलेला नाही."

"पण लोकं म्हणत्यात ती उभी ऱ्हानार हाय."

"मग असं करा," क्लार्क आपुलकीनं म्हणाला, "आधी त्यांचा अर्ज भरा. जातीचा दाखला लागणार नाही, पण मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र लागेल, शौचालयाचा दाखला लागेल, एक सूचक लागेल. छाननी झाली की माघार घ्या. मग तुमची बाई अधिकृतपणे उभी नाही, असं लेखी होईल."

सोपानराव अर्जाची घडी करून बाहेर आले तर पायरीवर महेंद्र फोन घेऊन उभा. संध्याकाळपर्यंत सगळ्या वॉर्डाला कळलं, की धुरपदाकाकूंचा फॉर्म सोपानरावांनी स्वतः जाऊन आणला.

अर्जाची मुदत संपली आणि फळ्यावरच्या यादीत धुरपदाबाई नव्हत्या. त्या दिवशी चार वाजता सोपानरावांनी दार उघडं ठेवलं. मच्छिंद्र आपल्या फाटकाशी येऊन उभा राहिला, इकडे बघून घेतलं आणि आत गेला. त्याला वाटलं, बोलावील. यांना वाटलं, झाकण घेऊन येईल. दोघंही साठीचे, दोघांचेही गुडघे दुखरे, आणि मधला रस्ता वीस फुटांचा. पण तो ओलांडणार कोण?

मग चिन्हं वाटली. करुणानं शिट्टी मागितली होती, शिट्टी दुसरीनंही मागितली, चिठ्ठी टाकली आणि करुणाच्या वाट्याला आली किटली.

महेंद्रला एका रात्रीत आपला सिद्धांत बदलावा लागला, पण तो डगमगला नाही. "बघा डोकं! बायकोचं नुसतं नाव पुढं केलं, आन् मागून करुणाला उभं केलं. दोगांचं आतून एकच हाय. बोलत न्हाईत ते सोंग हाय!" आणि तिसऱ्या दिवशी, कोणी तक्रार केली ते कागदावर नव्हतं, पण निवडणुकीचं भरारी पथक सोपानरावांच्या दारात उभं राहिलं. पाटबंधारे खात्यातले एक चष्मेवाले साहेब, एक पोलीस आणि कॅमेरा घेतलेला एक माणूस. वेळ दुपारी चारची.

"रस्त्यावरून दिसतील अशा रीतीनं उमेदवाराच्या चिन्हाच्या अठरा-वीस प्रतिकृती प्रदर्शित केल्यात, अशी तक्रार आहे," साहेब म्हणाले.

"प्रतिकृती न्हाईत, माझ्या किटल्या हायेत."

"म्हणजे चिन्ह मान्य आहे. लिहा."

सोपानरावांच्या लक्षात आपली चूक आली. त्यांनी छाती पुढं काढून दोन वर्षांचं ज्ञान पणाला लावलं. "साहेब, किटली येगळी आन् टी-पॉट येगळा. किटलीत पानी तापवत्यात, टी-पॉटात चहा मुरवत्यात. हे समदे टी-पॉट हायेत. चिन्ह किटलीचं हाय."

साहेबांनी चिन्हांचा कागद काढून शोकेसच्या काचेला लावला. "तोटी आहे? कान आहे? झाकण आहे? मग शासनाच्या दृष्टीनं ही किटली. पंचनामा करा."

पंच म्हणून गल्लीतून गिताबाई आणि महेंद्र आले, न बोलावता. एकेक किटली बाहेर काढून कॅमेऱ्यासमोर धरली गेली, वर्तमानपत्रात गुंडाळली गेली, वर कागदाची पट्टी आणि सही. लिंबाएवढीला साहेबांनी भिंगातून बघावं तसं पाहिलं आणि तिलाही तोटी, कान, झाकण निघालं. गल्ली फाटकाशी जमली. पलीकडे आपल्या फाटकात मच्छिंद्रही उभा होता. त्याच्या सुनेच्या चिन्हाचा पंचनामा चालला होता, त्याला आत बसवणार कसं?

अठरा झाल्या. हत्ती राहिला. आणि इथं सोपानरावांना जरा बळ आलं.

"साहेब, हिला झाकण न्हाई. तुमच्याच नियमानं ही किटली न्हवं."

साहेब विचारात पडले. कागद पाहिला, हत्ती पाहिला. "खरंय. झाकणाशिवाय चिन्ह पूर्ण होत नाही. ही सोडा." सोपानरावांनी विजयानं गल्लीकडे पाहिलं. एक तरी वाचली.

"पर झाकन हुतं की," गिताबाई म्हणाल्या. पंचाचं कर्तव्य त्यांच्या अंगात आलं होतं. "ते मच्छिंद्रआप्पांनी नेलं, असं दाजीच म्हनले हुते मला. कुनाला सांगू नका म्हनले, म्हनून मी चार घरं सोडून कुठंच बोलले न्हाई."

कॅमेरावाल्यानं कॅमेरा गिताबाईंवरून सोपानरावांवर आणि तिथून रस्त्यापलीकडे मच्छिंद्रवर नेला. सोपानरावांना वाटलं, जमीन दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरं. पण जमीन दुभंगायच्या आधी स्वयंपाकघराचं दार उघडलं. धुरपदाबाई बाहेर आल्या, त्यांच्या हातात पांढरं, वर नक्षी असलेलं, इवलंसं काहीतरी होतं.

"हेच का ते झाकन? माझ्या विरजनावर हाय की तीन आठवडे. त्या वाडग्याला काई बसंना, ह्ये बरूबर बसलं." आणि नवऱ्याकडे वळून, "मला इचारायचं तरी."

कंपनीतल्या अठ्ठावीस वर्षांत सोपानरावांनी सगळ्यांना विचारलं होतं. घरच्या माणसाला विचारायचं राहून गेलं होतं. साहेबांनी झाकण घेतलं, दह्याचा डाग पुसला, हत्तीच्या पाठीवर ठेवलं. बसलं. "एकोणिसावी," ते म्हणाले. "लिहा."

मच्छिंद्रनं फाटक लोटलं आणि घरात गेला. दार लागल्याचा आवाज रस्त्यापलीकडून नीट ऐकू आला.

त्या रात्री सोपानरावांना जेवण गेलं नाही. शोकेसमध्ये वर्तमानपत्रांची एकोणीस गाठोडी आणि काचेवर मतमोजणीपर्यंत न उघडण्याचा हुकूम. चोरीचा आळ आपल्यावर कोणी घेतला असता तर आपण काय केलं असतं, हे त्यांनी स्वतःला विचारलं आणि उत्तर आवडलं नाही. तीस वर्षांपूर्वी आईनं तो कान तुटलेला कप समोर ठेवला होता, तेव्हा त्यांना आईची लाज वाटली होती. आज त्यांना स्वतःची वाटली.

दुसऱ्या दिवशी साडेतीनला ते स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन उभे राहिले. "चहा कर," ते म्हणाले. "तुझ्या पद्धतीनं. पातेल्यात."

धुरपदाबाईंनी त्यांच्याकडे वळून पाहिलं. संशयानंच पाहिलं. पण आलं मात्र हात सैल सोडून ठेचलं.

चार वाजता सोपानराव पातेलं फडक्यात धरून रस्ता ओलांडू लागले. उमेदवाराच्या घरी दिवसाढवळ्या चहा घेऊन जाणारा मतदार वॉर्डानं पहिल्यांदाच पाहिला. एरवी चहा उलट्या दिशेनं वाहतो. महेंद्रनं फोन काढला. सोपानरावांना तो दिसला, पण ते थांबले नाहीत.

दार करुणानं उघडलं. तिनं पातेलं पाहिलं, मग काकांचं तोंड पाहिलं आणि काही न विचारता सासऱ्यांना हाक मारून आत गेली. मच्छिंद्र बाहेर आला. भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर, खाली प्रचारपत्रकांचे गठ्ठे, प्रत्येकावर किटली.

"काय आनलंस?"

"चहा."

"किटली न्हाई?"

"किटली आता तुझी. माझ्याकडं पातेलंच."

मच्छिंद्रनं पातेल्याकडे पाहिलं. "झाकन मोजून आनलंस ना?" तो म्हणाला. "न्हाईतर ह्येबी हरवंल माझ्या घरात."

"चुकलं माझं," सोपानराव म्हणाले. "दुसऱ्या कुनावर संशय घेतला असता तर एवढं लागलं नसतं. तुझ्यावर घेतला, त्ये लागतंय."

"मीबी वैनींवर घेतलाच की," मच्छिंद्र म्हणाला. मग आत जाऊन दोन कप घेऊन आला. घरात निवडणूक, चांगले कप कार्यकर्त्यांत फिरत होते. हाताला आलेल्या दोनांपैकी एकाचा कान तुटलेला होता. ते मच्छिंद्रच्या ध्यानात कप खाली ठेवल्यावर आलं आणि तो तसाच थांबला. सोपानरावांनी हात पुढं करून तो बिनकानाचा कप आपल्याकडे ओढला.

"कानाचा तू घे," ते म्हणाले. "माझं बोट अडकतं."

मच्छिंद्रनं चहा ओतला. ओतताना दोन थेंब पत्रकावरच्या किटलीवर पडले, ते सोपानरावांनी फडक्यानं टिपून घेतले.

निवडणूक झाली. करुणा निवडून आली. किती मतांनी, तर एकोणीस. आता या आकड्याला सोपानराव काय करणार? वॉर्डाचा उरलासुरला संशयही फिटला. गुलालात माखलेले लोक येऊन त्यांना खांद्यावर घेऊ लागले, कोणी "चाणक्य" म्हणालं, कोणी नारळ दिला. महेंद्रनं सगळ्यांसमोर हात जोडले, "काका, पुढच्या टायमाला आधी आमाला सांगा, काय गोळा करायलाय ते." सोपानराव शपथेवर सांगत राहिले. पण शपथ घेणारा माणूस संशयास्पद वाटतो, हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत होतं? मागच्या आठवड्यात त्यांनी जुनी छत्री दुरुस्तीला टाकून नवी घेतली, तर दोघं घरी येऊन विचारून गेले की नगराध्यक्षपदाचं काही चाललंय का.

मतमोजणीच्या दुसऱ्या दिवशी काचेवरचा हुकूम उतरला. चार वाजता मच्छिंद्र आला. गालाला अजून गुलाल होता. सोपानरावांनी निळ्या रेघेची ती पहिली किटली सोडवली, विसळली, पत्ती टाकली, कानटोपी घातली, चार मिनिटं मोजली. मच्छिंद्रनं बशीत ओतून पहिला फुरका मारला आणि बशी खाली ठेवली.

"सोपान, आज एक खरं सांगू का? राग मानू नकोस."

"बोल."

"किटलीतला ह्यो चहा मला कवाच आवडला न्हाई. आल्याचा कुठं, त्या दिसाचा पातेल्यातला, आन् ह्यो कुठं!"

"आरं, मग दोन वर्सं रोज कशाला येत हुतास?"

"आता चहासाठी येतंय कोन?" मच्छिंद्र म्हणाला. बशी उचलली, उरलेला चहा तोंड वाकडं करत संपवला, "झकास" म्हणाला आणि चपला घालून निघाला.

तो गेल्यावर सोपानराव उठले, शोकेससमोरून चालत दारापाशी गेले आणि कडी घातली. त्या दिवशी त्यांनी किटल्या मोजल्या नाहीत.